रंग राहतो, आवाज जातो

मंडळी, पंचाहत्तरी गाठलेल्या, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईने छोट्या आगगाड्यांवर लेख का लिहावा, असा प्रश्न काहींना पडेल. नातेवाइकांना पडणार नाही, कारण माझ्या भाच्याच्या घरी गेलेल्या प्रत्येकाला त्याच्या गाड्या बघाव्याच लागतात! "खेळण्यातली गाडी" म्हटलं की तो रागावतो. "आत्या, हे खेळणं नाही, मॉडेल आहे," असं ऐकवतो. फरक काय, तर खेळणं मजेसाठी असतं आणि मॉडेल खरं असतं. आता "खरं" म्हणजे नेमकं काय, हाच आजचा विषय. या छंदातली माणसं रंगाच्या खरेपणावर जेवढी भांडतात, तेवढं लक्ष आवाजाकडे देत नाहीत, आणि दिलं तरी चुकीच्या जागी देतात, असं माझं मत आहे. ते पटतं का बघा.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. जगात सगळ्यात जास्त चालणाऱ्या मापाला एचओ म्हणतात. त्यात प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. याला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचं प्रमाणित अंतर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. त्यामुळे भारतीय इंजिन या रुळांवर ठेवलं की अंगरखा मोठा आणि पाय जवळ-जवळ असं दिसतं. खरं म्हणजे ते रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवेत. म्हणजे खरेपणाला पहिली तडजोड रुळांपासूनच सुरू होते. पण ती कुणाला फारशी खुपत नाही. खुपतो तो रंग.

रंगावरची भांडणं मी भाच्याकडून ऐकली आहेत आणि मला ती फार आवडतात, कारण ती थेट व्याकरणावरच्या आमच्या भांडणांसारखी असतात. इंग्लंडमधलं एक उदाहरण तर मासलेवाईक आहे. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेवर १८७० पासून विल्यम स्ट्राउडली नावाचे लोकोमोटिव्ह सुपरिंटेंडेंट होते. त्यांनी आपल्या इंजिनांना जो रंग दिला त्याचं अधिकृत नाव "सुधारित इंजिन हिरवा". प्रत्यक्षात तो होता पिवळसर, गेरूकडे झुकणारा! स्ट्राउडली रंगांध होते म्हणून असं झालं, अशी एक दंतकथा आजही सांगितली जाते. ते खरं असो वा नसो, तात्पर्य एवढंच की कागदावरचं नाव वाचून इंजिन रंगवलं तर चक्क हिरवं इंजिन तयार होईल. कागदपत्र हा पुरावा असतो, पण तो वाचता यावा लागतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर दख्खनची राणी. १ जून १९३० ला ती मुंबई-पुणे धावू लागली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. १९६६ मध्ये डबे बदलले. पुढच्या पिढीच्या डोळ्यांत जी राणी आहे ती निळ्या रंगाची आणि लाल पट्ट्याची. जून २०२२ मध्ये पुन्हा नवे डबे आले आणि हिरवा-लाल-निळा असा वेश आला. आता "दख्खनच्या राणीचा खरा रंग कोणता" असं कुणी विचारलं तर प्रतिप्रश्न करावा लागतो, "कोणत्या सालचा?" मॉडेल करणाऱ्याने आधी साल ठरवलं पाहिजे. इतिहास शिकवणारे आमचे एक सहकारी म्हणत, की तारीख नसलेली गोष्ट म्हणजे गप्पा. रंगाचंही तसंच आहे.

बरं, साल ठरलं तरी रंग मिळतो का? जुने रंगीत फोटो लालसर किंवा पिवळट झालेले असतात. संग्रहालयातलं इंजिन बघून रंग घ्यावा तर ते किती वेळा नव्याने रंगवलंय देव जाणे. नोकरीत असताना जे इंजिन कधी इतकं चकचकीत नव्हतं ते निवृत्तीनंतर नव्या नवरीसारखं नटवून ठेवतात. पितळ घासलेलं, लाल रंग भडक, काळा रंग आरशासारखा. मॉडेलवाले तेच बघून रंगवतात आणि म्हणतात, अगदी खरं!

शिवाय डोळ्यांचंही एक गणित आहे. मॉडेल आपण दोन फुटांवरून बघतो. दोनला ८७ ने गुणा. १७४ फूट. म्हणजे खरं इंजिन पावणेदोनशे फुटांवर उभं असताना जसं दिसेल तसं ते दिसायला हवं. एवढ्या अंतरावर मधली हवा, धूळ, उन्हाची झळ यांनी काळा रंग करडा होतो, लाल थोडा विटतो, चकाकी मरते. म्हणून डबीतला अगदी बरोबर रंग लावला की छोटं इंजिन उलट खोटं वाटतं. जाणकार लोक रंगात किंचित पांढरा मिसळतात आणि वर चमक मारणारा हात देतात. रंगाच्या जाडीचीही तीच गत. समजा थर २५ मायक्रॉनचा बसला, केसापेक्षाही कितीतरी पातळ. ८७ ने गुणलं तर तो सव्वादोन मिलिमीटर जाडीचा गिलावा होतो! रिव्हेट बुजतात, दाराच्या कडा बोथट होतात. म्हणून हे लोक ब्रश सोडून फवाऱ्याने रंग देतात.

आणि मग मळवणं. नवीन आणलेलं महागडं इंजिन मुद्दाम घाण करायचं, हे आमच्या वहिनींना अजून पटलेलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरी गावी जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते, १९७३ मध्ये वारले. त्यांनी आपल्या घरच्या मांडणीत गंज, काजळी, धूळ यांना मानाचं स्थान दिलं आणि जगभरच्या लोकांना ते पटलं. मला स्वतःला हे मळवणं मनापासून पटतं, पण एका अटीवर. घाण कुठे आणि का साठते ते कळलं पाहिजे. ब्रेकच्या बिडाच्या ठोकळ्यांची तांबूस भुकटी चाकांच्या आसपास बसते, छपरावर नाही. डिझेलच्या धुराड्याभोवती काळं असतं. विजेच्या इंजिनाच्या छपरावर तारेला घासणाऱ्या कार्बनची काळी पूड असते. वाफेच्या इंजिनावर जड पाण्याचे पांढरे ओघळ दिसतात. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून जी वाळू सोडतात तिची खूण वाळूच्या नळ्यांपाशी असते. म्हणजे घाण ही त्या इंजिनाच्या कामाची नोंदवही आहे. ती नोंदवही न वाचता सरसकट तपकिरी फवारा मारणं म्हणजे म्हातारा दाखवायचा म्हणून नटाच्या डोक्यावर पांढरी पावडर ओतणं.

तर रंगाचं असं आहे. कठीण आहे, पण पुरावा आहे, वाद घालायला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे ज्यावर वाद घालायचा ती वस्तू समोर उभी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जा, "सर लेस्ली विल्सन" नावाचं इंजिन उभं आहे. हे आपल्या घाटातलं इंजिन बरं का. जीआयपी रेल्वेने १९२८ पासून मालगाड्यांसाठी आणलेल्या विजेच्या ४१ इंजिनांपैकी एक. मूळ रचना स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्याची, आणि बरीचशी इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली. दोन्ही टोकांना लांब नाकं आणि चाकांना जोडणारे दांडे. ते दांडे हलताना बघून लोकांनी त्याला नाव दिलं "खेकडा". स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या भावंडाचं नाव "क्रोकोडाइल", मगर. तिकडे मगर, इकडे खेकडा. आपलं नाव जास्त बरोबर आहे असं मला वाटतं, पण ते असो.

आमचं लहानपण कर्जतला रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. खेकडा उभा असला की कण्हायचा. खरंच, दुसरा शब्द नाही. आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून कण्हतो तसा एक लांब, बारीक आवाज. आणि चालू लागला की दांड्यांचा सळसळ-सपसप असा आवाज, जणू कुणी ओल्या धोतराचे पिळे झटकतंय. दिल्लीच्या संग्रहालयात त्याचा आकार आहे, रंग आहे, नावाची पाटी आहे. कण्हणं नाही. तिथे उभं राहून कितीही वेळ कान दिला तरी ते इंजिन मुकं आहे.

माझा मुद्दा इथे आहे. रंग चुकला तर पुढची पिढी दुरुस्त करू शकते. आवाज गेला की गेला. आणि चालत्या चाकाबरोबर आवाज जिथे परत जिवंत होतो अशी जागा आज मला एकच दिसते, ती म्हणजे या हौशी लोकांचं छोटं इंजिन.

या छोट्या इंजिनात आवाज आला कसा, त्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९३५ मध्ये इंजिनामागच्या टेंडरमध्ये चिमुकली मोटर आणि पंखा बसवून खरोखर वाऱ्याची शिट्टी वाजवली. त्यानंतर पुष्कळ प्रयोग झाले. नव्वदच्या दशकात डीसीसी नावाची पद्धत रूढ झाली. मूळ काम जर्मनीतल्या लेन्झ कंपनीचं, आणि अमेरिकेतल्या मॉडेलकारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यावरून सगळ्यांसाठी प्रमाण ठरवलं. यात रुळांतून विजेबरोबर हुकूमही जातात आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटातली चकती आपल्यापुरता हुकूम उचलते. त्याच चकतीत खऱ्या इंजिनांचे ध्वनिमुद्रित आवाज भरता येतात. एकेका इंजिनाला अठ्ठावीस बटणांपर्यंत आवाज! शिट्टी, घंटा, हवेचा पंप, कोळशाचं फावडं, कपलिंगचा खणखणाट, गार्डची हाक.

आणि इथेच लोक घसरतात. बटणं आहेत म्हणून ती दाबायची. परत तेच गणित करू या. आपण पावणेदोनशे फुटांवर उभे आहोत. तिथून फायरमनचं फावडं ऐकू येईल का? शिट्टी येईल, धडधड येईल, ब्रेकची कर्कश किंचाळी येईल. फावडं नाही. रंगात अंतराचा विचार करणारी हीच माणसं आवाजात तो विसरतात आणि दिवाणखान्यात असा गोंगाट करतात की शेजारी दार ठोठावतात. आवाज कमी ठेवला की इंजिन एकदम खरं वाटू लागतं. वर्गातही ओरडणाऱ्या शिक्षकाचं कुणी ऐकत नाही, हलक्या आवाजात बोललं की मुलं कान देतात. हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे!

आवाज लहान करता येत नाही ही एक निसर्गाचीच अडचण आहे. लांबी ८७ ने भागता येते, पण शंभर कंपनांच्या सुराची लाट हवेत साडेतीन मीटरच्या आसपासच राहते, तिला छोटं घर चालत नाही. खऱ्या इंजिनाचा आवाज आपल्याला कानांइतकाच छातीत आणि पायांखाली जाणवतो. साखरेच्या खड्याएवढा स्पीकर (त्याला खरंच "शुगर क्यूब" म्हणतात, मूळचा मोबाइल फोनमधला) ती घरघर काढणार कुठून? तेव्हा तिथे तडजोड आलीच. पण तडजोड कुठे करायची आणि कुठे करायची नाही, हे आमच्या दादांनी मला एका वाक्यात शिकवलं.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू, भाच्याचे वडील. दौंडला वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, मग डिझेलवर, शेवटी विजेच्या इंजिनांवर ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. आता ऐंशी ओलांडली आहे, कानात यंत्र आहे. मागच्या दिवाळीत भाच्याने नवं डिझेल इंजिन चालवून दाखवलं. आपल्या डब्ल्यूडीएम-२ चं मॉडेल. रंग सुरेख, अक्षरं भिंगातून वाचावीत इतकी बारीक आणि बरोबर. मागे बारा डबे. दादांनी यंत्राचा आवाज वाढवला, टेबलावर कोपर टेकून ऐकलं, आणि म्हणाले, "हॉर्न चांगलाय. इंजिनही अल्कोच आहे. पण ह्याच्या मागे गाडी नाहीये रे."

आम्ही सगळे त्या बारा डब्यांकडे बघत राहिलो.

मग त्यांनी समजावलं. १९६२ च्या सुमाराला अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून ही इंजिनं आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. उभं असताना इंजिन मिनिटाला ४०० फेरे फिरतं, पूर्ण जोरात १०००. नॉच दिला की आधी आवाज चढतो, मग वरून काळा धूर येतो, कारण हवा पुरवणारा टर्बो अजून वेग घेत असतो, आणि गाडी अजून जागेवरच असते. मग कपलिंगं एकेक करून ताणली जातात, आणि मग कुठे चाक फिरतं. आधी आवाज, मग गाडी. वेग आला की आवाज कमी करता येतो, गाडी आपल्या जोराने पळते. उतारावर इंजिन जवळजवळ गप्प. भाच्याच्या इंजिनात मात्र चाक आणि आवाज एका दोरीला बांधल्यासारखे. हळू चाललं की हळू आवाज, जोरात चाललं की मोठा. "इंजिनाचा आवाज वेगाचा नसतो, ओझ्याचा असतो," दादा म्हणाले.

मंडळी, हे वाक्य मला फार मोठं वाटलं. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोरघाटात दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे. तिथे गाडी सगळ्यात हळू जाते आणि इंजिनांचा आवाज सगळ्यात मोठा असतो. वेगाप्रमाणे आवाज बदलणारं मॉडेल घाटात खोटं ठरणार, मग त्याला कितीही अचूक रंग द्या.

भाच्याने हे मनावर घेतलं. मोटर किती दमते आहे हे मोजून त्याप्रमाणे आवाज कमी-जास्त करण्याची सोय चांगल्या चकत्यांमध्ये असतेच, फक्त ती बसून जुळवावी लागते. त्याने महिनाभर खटपट केली. आणखी एक सोय आपल्या पथ्यावर पडते. अल्कोचं हे २५१ जातीचं इंजिन अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही चाललं, तिकडे त्याची उत्तम मुद्रणं झाली आहेत. पोटातला आवाज तोच, तेव्हा तो उसना घेतला तर खोटेपणा होत नाही. हॉर्न मात्र आपलाच हवा. परदेशी हॉर्न वाजवणारं डब्ल्यूडीएम-२ म्हणजे अमेरिकेहून सुट्टीवर आलेला आपलाच नातू. हाडामांसाने आपला, पण तोंड उघडलं की कळतं!

वाफेच्या इंजिनाचं गणित तर शाळेत शिकवण्याजोगं आहे. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेरीत चार वेळा भकभकतं. आपलं बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं डब्ल्यूपी घ्या, १९४७ ते १९६७ या काळात अशी ७५५ बांधली गेली. त्याचं चाक पाच फूट सात इंच व्यासाचं. ताशी दहा किलोमीटरला सेकंदाला सुमारे दोन भकभक, मोजता येतात. ताशी साठला सेकंदाला बारा, ती मोजता येत नाहीत, त्यांची एक अखंड गुरगुर होते. एका चाकफेरीत तीनच किंवा पाच भकभक देणारं मॉडेल माझ्या कानांना सहन होत नाही. ते मात्रा चुकलेल्या वृत्तासारखं वाटतं. अर्थ कळतो, पण चाल मोडते.

वृत्तावरून आठवलं. आपण मुलांना गाडी "झुकझुक" जाते असं शिकवतो. इंग्रज मुलं म्हणतात "चू-चू" किंवा "चफ-चफ". इंजिनं त्याच कारखान्यांतली, आवाज तोच, पण प्रत्येक भाषेने तो आपल्या अक्षरांत बसवला. यावरून कुणी म्हणेल, की आवाज शेवटी मनातच असतो, मग त्या चकत्या आणि स्पीकर हवेत कशाला? पुण्यात भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये कोथरूडला छोट्या रेल्वेचं कायमचं संग्रहालय उभं केलं, तिथे मुलांचे चेहरे बघा. एका गाडीची भकभक थांबली तरी मुलं तोंडाने "झुकझुक" चालू ठेवतील. हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. मुलाच्या मनात आवाज येतो कारण कुणीतरी मोठ्या माणसाने तो ऐकून भाषेत ठेवला. "झुकझुक" म्हणणाऱ्या आजच्या मुलाने वाफेचं इंजिन पाहिलेलंसुद्धा नाही. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ मध्ये संपली. शब्द आहे, पण त्याच्यामागचा आवाज गेला. खेकड्याच्या कण्हण्याला तर शब्दही नाही. आम्ही चार म्हातारे गेलो की ते कण्हणंही गेलं.

आणि हे फक्त जुन्या गोष्टींचं नाही. मुंबईच्या लोकलचा आणि घाटातल्या इंजिनांचा १५०० व्होल्टचा डीसी जमाना संपला, मुंबईत तर २०१६ मध्येच. त्या इंजिनांचे खटके, त्यांचे पंखे, तो विशिष्ट गुणगुणाट आता नाही. देशातल्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झालं आहे आणि अल्कोची डिझेल इंजिनं एकेक करून मोडीत निघत आहेत. उद्या त्यातली दोन-चार संग्रहालयांत, स्टेशनांच्या अंगणांत उभी राहतील. रंगरंगोटी होईल, भोवती कुंड्या ठेवतील, मुलं फोटो काढतील. पण ती घरघर नसेल. ऑस्ट्रियाचं "टॉरस" नावाचं विजेचं इंजिन सुटताना हार्मोनियमच्या पट्ट्या एकामागून एक दाबाव्यात तसे चढते सूर काढतं, आणि तिकडच्या मॉडेलवाल्यांनी ते सूर जपून आपल्या छोट्या इंजिनांत भरले. आपल्या इंजिनांना कोण भरणार? परदेशातली कंपनी आपल्या खेकड्यासाठी येणार नाही.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये पेंडन नावाचं एक संग्रहालय आहे, १९५४ पासूनचं. ते उभं करणारे रॉय इंग्लंड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ मध्ये इंग्लंडला आले आणि डोळ्यांदेखत जुनी खेडी बदलताना बघून अस्वस्थ झाले. मग त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकातलं एक खोरं, घरं, शेतं, रेल्वे, सगळं लहान मापात घडवायला घेतलं. कुणी त्याला वेड म्हणेल. मी त्याला दफ्तर म्हणते. सरकारी दफ्तरात आकडे राहतात, या दफ्तरात राहणं राहतं.

म्हणून माझं या छंदातल्या तरुण मंडळींना सांगणं आहे (वयाचा अधिकार वापरते). रंगाची अर्धी छटा चुकली तर चुकू द्या, ती पुढे कुणीही सुधारील. आधी आवाज गोळा करा. अल्को कुठे चालत असेल तर तिथे जाऊन, परवानगी घेऊन, रुळांपासून सुरक्षित अंतरावर उभं राहून चांगल्या यंत्रावर मुद्रण करा. उभं असतानाचं, सुटतानाचं, चढावरचं, रिकाम्या डब्यांसकट आणि भरलेल्या डब्यांसकट. तारीख, जागा, इंजिनाचा क्रमांक, मागचे डबे लिहून ठेवा. तारीख नसलेला आवाज म्हणजेही गप्पाच. आणि ज्यांच्या घरी निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, सांधेवाले आहेत त्यांनी आपली मॉडेलं त्यांना ऐकवा. बघायला देऊ नका, ऐकवा. काय चुकलं ते त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. पण त्यांच्याकडे वेळ थोडा आहे, हेही लक्षात ठेवा.

नातेवाईक मंडळींपैकी जे कर्जत, खंडाळा, लोणावळा, इगतपुरीला रुळांच्या आसपास वाढले त्यांना वेगळी विनंती. तुम्हाला खेकडा कसा ऐकू यायचा ते दोन ओळींत लिहून पाठवा. मी "कण्हणं" म्हटलं, आमच्या धाकट्या बहिणीच्या मते तो कुत्र्याच्या विव्हळण्यासारखा होता, दादा म्हणतात तो शंख लांबून ऐकल्यासारखा होता. तिन्ही लिहून ठेवते आहे. तुमचा चौथा येऊ द्या.